प्रकल्प नोंदी: ज्युलिया मार्गारेट कॅमेरनसाठी एक भिंत

४ ऑक्टोबर

क्लबच्या जानेवारीतल्या प्रदर्शनात एक आख्खी भिंत माझ्या वाट्याला आलीये आणि ती ज्युलिया मार्गारेट कॅमेरनची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या विलायतेतल्या एका हौशी फोटोग्राफर बाईंची, करायची असं पक्कं केलंय. कारण सरळ आहे. आमच्याकडे नवीन मुलं येतात ती पहिल्या दिवसापासून शार्पनेसवर बोलतात, कुठली लेन्स किती शार्प, झूम केल्यावर पापणीचे केस सुटे दिसतात का वगैरे, आणि इकडे १८६४ मधे एक अठ्ठेचाळीस वर्षांची बाई भिंग पुढे सरकवायचं मुद्दाम अलीकडेच थांबवत होती आणि तिने काढलेले चेहरे आज दीडशे वर्षांनंतरही समोरून हलू देत नाहीत. धंदा म्हणून नाही, कुणाकडे रीतसर शिकून नाही, घरी बसून, स्वतःच्या मनाने.

हे मोबाइलवर स्क्रोल करून कळत नाही. म्हणून ठरवलंय की प्रिंट त्यांच्याच पद्धतीने करायचे, म्हणजे अल्ब्युमेन प्रिंट, अंड्याच्या पांढऱ्यावर आणि उन्हात. मेट आणि गेटी या दोन म्युझियमनी त्यांच्याकडचे बाईंचे फोटो मोठ्या साइझमधे सगळ्यांना मोफत वापरायला दिलेत, ते उतरवून ट्रान्सपरन्सीवर निगेटिव्ह काढायची आणि कागदाला चिकटवून उन्हात धरायची. बाईंची मूळ निगेटिव्ह काचेवर असायची, ओल्या कोलोडियनची (काचेवर ओतायचं चिकट रसायन, त्यात चांदीचे क्षार धरले जातात), पण कोलोडियनला ईथर लागतं आणि त्या काळी फिक्स करायला, म्हणजे चित्र पक्कं करायला, बरेच जण पोटॅशियम सायनाइड वापरायचे, तर ते घरात करायचं नाही. प्रिंटचा अर्धा भाग तरी हातून जाऊदे.

८ ऑक्टोबर

भिंतीच्या सुरुवातीला आयुष्याबद्दल एक पॅनल हवं, त्याची टिपणं काढतेय. जन्म ११ जून १८१५, कलकत्ता. वडील जेम्स पॅटल कंपनी सरकारात नोकरीला, आई फ्रेंच घराण्यातली. बहिणी बऱ्याच आणि त्यांच्या सौंदर्याची कलकत्त्यात चर्चा, त्यात हीच एक दिसायला साधी गणली जायची. जिने पुढे सगळं आयुष्य सुंदर चेहऱ्यांच्या मागे घालवलं तिच्याबद्दल हे वाचून मी थोडा वेळ थांबलेच.

१८३६ मधे तब्येतीसाठी ती दक्षिण आफ्रिकेत केपला होती. तिथे दोन माणसं भेटली आणि दोन्ही जन्माला पुरली. एक चार्ल्स हे कॅमेरन, वयाने वीस वर्षांनी मोठा कायदेपंडित, १८३८ मधे कलकत्त्यात त्याच्याशी लग्न झालं. आपल्याकडे भारतीय दंड संहिता म्हटलं की मेकॉलेचं नाव निघतं, पण त्या पहिल्या लॉ कमिशनवर हा कॅमेरनही होता. दुसरा माणूस सर जॉन हर्शेल, खगोलशास्त्रज्ञ, जो तेव्हा केपला राहून दक्षिणेचं आकाश तपासत होता. फोटो ज्याने टिकतो ते हायपो चांदीचे क्षार विरघळवतं हे दाखवणारा हाच, निळा सायनोटाइप काढणारा हाच. १८४० च्या दशकात फोटोग्राफी अगदी तान्ही असताना त्याने कलकत्त्याला बाईंना नमुने पाठवले होते. म्हणजे फोटो ही वस्तू बाईंनी हातात घेऊन बघितली ती कॅमेरा मिळण्याच्या वीसेक वर्षं आधी.

१८४८ मधे कुटुंब विलायतेला गेलं, आणि १८६० मधे आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटरला शेजारशेजारची दोन घरं घेऊन ती जोडली. नाव ठेवलं डिंबोला, सिलोनमधल्या त्यांच्या कॉफीच्या मळ्याचं. शेजारी कवी टेनिसन. पॅनलला एवढं पुरे. माणसं फोटो बघायला येणारेत.

११ ऑक्टोबर

आज अंडी. आत्याकडे स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, म्हणून सगळं गच्चीवरच्या खोलीत मांडलं. पांढरं वेगळं करायचं, पिवळ्याचा ठिपकाही येता कामा नये, त्यात अमोनियम क्लोराइड आणि ॲसेटिक ॲसिडचे थेंब घालून पूर्ण फेस होईपर्यंत घुसळायचं, मग फेस रात्रभर बसू द्यायचा, खाली जे पातळ पाणी उतरतं ते मलमलीतून गाळून फ्रिजमधे जेवढं मुरेल तेवढं चांगलं. (आत्याचा फ्रिज नाही, क्लबमधल्या एका दादांनी त्यांच्या फोटोग्राफीच्या फ्रिजमधे बरणी ठेवून घेतली.) मग कागद त्यावर तरंगवायचा. कागद पातळ हवा आणि एका कोपऱ्यापासून हळूहळू टेकवत जायचा, खाली बुडबुडा राहिला की तिथे पांढरा डाग कायमचा.

१८५० मधे ब्लांकार-एव्हरार नावाच्या फ्रेंच माणसाने ही पद्धत काढली आणि पुढची तीसचाळीस वर्षं जगातले बहुतेक फोटो अंड्यावरच छापले गेले. आपल्या जुन्या घरांमधले तपकिरी, पिवळे पडत चाललेले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो असतात ना, त्यातले खूपसे हेच.

१६ ऑक्टोबर

कॅमेरा कसा आला त्याची गोष्ट पॅनल दोनवर. डिसेंबर १८६३. नवरा सिलोनला मळे बघायला गेलेला, मोठं घर, बाई एकट्या. मुलगी ज्युलिया आणि जावई चार्ल्स नॉर्मन यांनी कॅमेरा भेट दिला, आई, तुझ्या एकटेपणात फ्रेशवॉटरला याने जरा मन रमेल, अशा अर्थाचं सांगून. ९ बाय ११ इंचांची काच बसेल एवढा लाकडी पेटारा होता तो, मन रमवायचं खेळणं नव्हतंच.

बाईंनी कोळसा ठेवायच्या खोलीची डार्करूम केली आणि मुलांना दिलेलं काचेचं कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून त्याचा स्टुडिओ. त्यांनी स्वतःच १८७४ मधे एक छोटी आठवण लिहायला घेतली होती, अपुरी राहिली, त्यात हे सगळं आहे. पहिल्या फोटोची काच त्यांच्याच हाताने पुसली गेली तेही आहे. ओल्या काचेच्या थराच्या बाजूला हात लागला की चित्र गेलं.

हे वाचताना कामाचा क्रम डोळ्यासमोर आणून बघा. काच घासून पुसून लख्ख करायची, तिच्यावर कोलोडियन ओतून चारी कोपऱ्यांना फिरवायचं आणि जास्तीचं परत बाटलीत, अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच होल्डरमधे घालून पळत कॅमेऱ्यापाशी, फोटो, परत पळत डार्करूममधे, सुकायच्या आत डेव्हलप, मग फिक्स, मग धुणं, मग वार्निश. धुवायला पाणी विहिरीचं. हे सगळं व्हिक्टोरियन पायघोळ झग्यात.

२१ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन कामाला आलं. कागदाला सिल्व्हर नायट्रेटचा थर दिला (१२ टक्क्यांचं पाणी), पिवळ्या दिव्याखाली वाळवला, निगेटिव्ह वर ठेवून काचेच्या फ्रेममधे दाबून गच्चीत. यात डेव्हलपर वगैरे काही नसतं, ऊनच चित्र उमटवतं आणि उमटताना दिसतं, आधी कडा जांभळट होतात, मग केस, मग डोळे. फ्रेमची मागची अर्धी बाजू उघडून बघता येतं किती आलंय ते. हवं त्यापेक्षा बरंच गडद होऊ द्यायचं कारण हायपोत गेल्यावर उतरतं. हायपोच्या आधी सोन्याचं टोनिंग, गोल्ड क्लोराइडच्या फिकट पाण्यात, विटकरी रंग सरकत सरकत वांग्याच्या सालीसारखा होतो तिथे उचलायचं.

पहिला प्रिंट ॲनीचाच करायचा होता आणि तोच केला. ॲनी फिलपॉट, फ्रेशवॉटरच्या एका कुटुंबातली लहान मुलगी, बटणं लावलेला कोट, केस जरासे विस्कटलेले, बाजूला बघतीये. बाईंनी खाली लिहिलं, माझं पहिलं यश. फोटो जमला तेव्हा त्या घरभर पळाल्या, या मुलीला काय काय देऊ म्हणून वस्तू शोधत, कारण त्यांना वाटलं हा फोटो तिनेच केलाय सगळा. मला यातलं हे फार आवडतं की यश आल्याक्षणी पहिला विचार समोर बसलेल्या मुलीचा आला.

आणि एक गोष्ट, जी स्वतः प्रिंट केल्यावरच लक्षात आली. मुलीच्या वडिलांना दिलेल्या प्रिंटसोबत बाईंनी लिहून ठेवलंय की शुक्रवार २९ जानेवारी १८६४ ला दुपारी एक वाजता फोटो काढला आणि त्याच दिवशी रात्री आठपर्यंत छापून, टोन करून, फिक्स करून, फ्रेम करून दिला, सगळं माझ्या हाताने. आता हिशेब करा. जानेवारीतलं इंग्लंड, पावणेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. एकनंतर निगेटिव्ह डेव्हलप, धुणं, वाळवणं, वार्निश, आणि मग जे काही मावळतीचं फिकं ऊन उरलं असेल त्यात प्रिंट. इथे भर उन्हात मला दुपार पुरत नाही. शिकायला लागून फारतर महिना झालेली बाई हे करते तेव्हा ती किती भारावलेली असेल! कॅप्शनमधे फक्त वेळा लिहिणार आहे, एक आणि आठ.

२९ ऑक्टोबर

बोटं काळी झालीयेत. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की लगेच कळत नाही, उजेडात गेल्यावर काळं होतं आणि मग कितीही घासा. आता हातमोजे घालते, पण बाईंच्या हाताचं वर्णन जिथे तिथे येतं. १८६४ मधे इटलीचा गॅरिबाल्डी टेनिसनकडे आला होता तेव्हा बाई त्याच्यासमोर गुडघे टेकून फोटोला बसा म्हणून विनवायला लागल्या, तो हात बघून त्याला वाटलं कुणी भीक मागतंय, आणि बाई म्हणाल्या, हा मळ नाही, ही कला आहे. असं सांगतात. टेनिसन अमेरिकन कवी लाँगफेलोला त्यांच्याकडे सोडून निघताना म्हणाला म्हणे की ती सांगेल ते सगळं करावं लागेल, मी नंतर येऊन बघतो तुझं काय उरलंय.

अशा गोष्टी खूप आहेत आणि बाईंवर लिहिणारे त्यातच रमतात, विक्षिप्त बाई, हट्टी बाई. मी पॅनलवर यातलं काही घेणार नाही. पुरुष कलावंत हट्टी असला की त्याला ध्यास म्हणतात.

५ नोव्हेंबर

फोकसचं पॅनल. सगळी भिंत याच्यासाठी आहे.

बाईंनी आठवणीत स्वतः सांगितलंय की फोकस करता करता डोळ्याला फार सुंदर असं काही दिसलं की मी तिथेच थांबायचे, बाकीचे फोटोग्राफर जो जास्त नेमका फोकस मागतात तिथपर्यंत भिंग नेत बसायचे नाही. आणि ३१ डिसेंबर १८६४ ला हर्शेलला लिहिलेल्या पत्रात सरळ विचारलंय की फोकस म्हणजे काय, आणि कुठला फोकस खरा हे ठरवायचा हक्क कुणाला आहे? त्याच पत्रात त्या म्हणतात की मला फोटोग्राफीला उच्च कलेचा मान मिळवून द्यायचाय, वास्तव आणि आदर्श एकत्र आणून, सत्यातलं काहीही न गमावता. कॅमेरा मिळून जेमतेम वर्ष झालं होतं.

आता तांत्रिक बाजू, कारण मुलं विचारणारच. मोठ्या काचेवर मोठा चेहरा घ्यायचा तर लांब फोकल लेंथ लागते आणि जवळ जावं लागतं, मग फोकसमधे येणारी पट्टी अगदी पातळ होते. १८६६ पासून त्यांच्याकडे १५ बाय १२ इंचांच्या काचेचा कॅमेरा आणि ३० इंची डालमायर लेन्स होती. या मापाने चेहरा भरून घेतला तर नाकाचा शेंडा आणि कान एकावेळी शार्प येणं अवघडच, कुठलं तरी एक निवडावं लागतं. त्यात कोलोडियनला दिसतो तो निळा आणि अतिनील उजेड, लाल पिवळा जवळजवळ दिसतच नाही, म्हणून त्वचेवरचे बारीक डाग गडद येतात आणि निळे डोळे पाण्यासारखे फिके. त्यात परत बाई काचेवर पडदे ओढून उजेड एका बाजूने आणायच्या, म्हणजे उजेड कमी, म्हणजे एक्स्पोजर लांब. तीन ते सात मिनिटांपर्यंत. त्याच काळात धंदेवाईक स्टुडिओ कार्ट-द-व्हिझिट छापत होते, हाताच्या पंजात मावतील एवढे फोटो, भरपूर उजेड, बारीक ॲपर्चर, लोखंडी स्टँडने मागून डोकं धरून ठेवलेलं, माणूस पायापासून डोक्यापर्यंत शार्प आणि खांबासारखा उभा. बाईंनी यातलं जवळपास सगळं उलटं केलं.

म्हणजे धूसरपणा थोडा भौतिकशास्त्राचा, थोडा श्वासाचा आणि उरलेला त्यांच्या निवडीचा. निवडीचा म्हणते कारण शार्प फोटोही त्यांना येत होते, काही पोर्ट्रेटमधे दाढीचा केस न केस दिसतो. जो प्रिंट ठेवायचा तो त्या बघून ठेवत होत्या.

९ नोव्हेंबर

पॅनलसाठी एक प्रयोग करायचा होता तो आज झाला. आत्याला खिडकीजवळ बसवलं, एका बाजूला काळं कापड, डिजिटल कॅमेऱ्यावर गडद एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावून एक्स्पोजर चार मिनिटांचं केलं. अगं आत्या, हलू नकोस, पण श्वास घे, असं सांगितलं. ती जपाला बसते तशी बसली. पहिल्या मिनिटात फोटोला बसल्यासारखा चेहरा होता, मग तो चेहरा गेला. स्क्रीनवर जे आलं त्यात कडा मऊ आहेत, डोळे स्थिर आहेत कारण ती एकटक बघत होती, आणि तिच्या तोंडावर असं काहीतरी आहे जे तिच्या कुठल्याच फोटोत मी बघितलं नव्हतं. आत्या बघून म्हणाली, ही तर माझी आई दिसतीये.

सात मिनिटं कुणी फोटोचा चेहरा करून बसू शकत नाही. बाईंना एवढा वेळ का चालायचा ते मला आज कळलं, आणि ही फ्रेमही फोकसच्या पॅनलशेजारी लागणार, आत्याची परवानगी आहे.

१४ नोव्हेंबर

हर्शेलचा प्रिंट. एप्रिल १८६७ मधला फोटो, तेव्हा तो पंचाहत्तरीचा. पांढरे केस पिंजारलेले, अंगावर गडद कापड, आजूबाजूला पूर्ण काळोख, डोळे ओले वाटावेत इतके चमकणारे. केस आधी धुवायला लावून मोकळे सोडायला लावले होते म्हणतात. त्या काळच्या शास्त्रज्ञांचे फोटो बघा, टेबल, पुस्तक, पृथ्वीचा गोल, इथे काही नाही, फक्त डोकं. त्याच वर्षीचा लेखक कार्लाईल त्याच्याहून धूसर, तो बराच हललाय, बाईंना ते मायकेलअँजेलोच्या अर्धवट घडवलेल्या दगडासारखं वाटलं.

१८६८ च्या उन्हाळ्यात डार्विन कुटुंब त्यांच्याकडे भाड्याने राहायला आलं होतं. डार्विनने लिहून दिलं की माझ्या आजवरच्या कुठल्याही फोटोपेक्षा मला हा जास्त आवडतो. दाढीवाल्या डार्विनचा जो फोटो पुस्तकांत वारंवार येतो तो पुष्कळदा हाच असतो, काढणारीचं नाव खाली नसतं.

यातून एक अल्ब्युमेनवर, बाकीचे साध्या प्रिंटवर. कागद मोजका आहे.

१८ नोव्हेंबर

टीकेबद्दल थोडंच. १८६५ मधे फोटोग्राफिक सोसायटीच्या जर्नलने लिहिलं की या बाईंच्या धाडसी वेगळेपणाला दाद द्यावी लागेल पण फोटोग्राफीचे बाकी सगळे गुण गमावून. काचेवरचे ओरखडे, धुळीचे ठिपके, कोलोडियनच्या थराचे ओघळ, कुठे बोटाचा ठसा, हे सगळं टीकाकारांनी मोजून दाखवलं. आणि त्याच १८६५ मधे संचालक हेन्री कोलने साउथ केन्सिंग्टन म्युझियमसाठी, म्हणजे आजच्या व्ही अँड ए साठी, त्यांचे फोटो विकत घेतले आणि लावलेही, १८६८ मधे तर तिथल्या दोन खोल्या स्टुडिओसाठी दिल्या.

हौशी म्हणून त्यांना कुणाला खूश करायचं नव्हतं हे जेवढं खरं तेवढंच हेही खरं की त्या कामाबद्दल कडक होत्या. कॉपीराइटसाठी पाचशेवर फोटो रीतसर नोंदवले, लंडनच्या कोलनागी या चित्रविक्रेत्यांकडे विक्रीला ठेवले. पैसे हवेच होते, सिलोनचे मळे खात होते. काचा तडकल्यासारख्या होऊन निगेटिव्ह खराब व्हायला लागल्या तेव्हा कोलला लिहून उपाय विचारले. ओरखडे दुरुस्त करत बसल्या नाहीत याचा अर्थ दिसत नव्हते असा नाही.

२३ नोव्हेंबर

हे पॅनल सगळ्यात जास्त वेळ खाणार असं दिसतंय आणि खाऊदे.

प्रसिद्ध माणसं बाजूला ठेवली की बाईंच्या कामात उरतात त्या घरातल्या बायका. मेरी हिलियर, फ्रेशवॉटरचीच मुलगी, घरकामाला. ती इतक्या वेळा माता मेरी झाली की गावात तिला मेरी मॅडोना म्हणायचे. कामही तिच करायची, फोटोलाही तीच बसायची. पुतळ्यासारखी मान, खाली झुकलेल्या पापण्या, मांडीवर दमून झोपलेलं कुणाचं तरी पोर.

आणि मेरी रायन. ही आयरिश मुलगी लंडनजवळ पटनी हीथवर आईबरोबर भीक मागताना बाईंना दिसली, त्यांनी तिला घरी ठेवलं, शिकवलं, ती घरकामही करायची. लंडनच्या प्रदर्शनात तिचा फोटो हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने बघितला, तिलाही बघितलं, आणि १८६७ मधे येऊन मागणी घातली. लग्न झालं. बाईंनी दोघांना रोमियो ज्युलिएट म्हणून समोरासमोर बसवून फोटो काढलाय.

हा हेन्री कॉटन म्हणजे आपले सर हेन्री कॉटन! लग्नाच्याच वर्षी सिव्हिल सर्व्हिसमधे बंगालला रुजू झाले, आसामचे चीफ कमिशनर झाले, चहाच्या मळ्यांतल्या मजुरांच्या मजुरीसाठी बोलले म्हणून मळेवाल्यांच्या रोषाला पात्र ठरले, आणि १९०४ साली मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याचे अध्यक्ष तेच. मी हे जोडून वाचलं तेव्हा उठून आत्याला सांगायला गेले. पटनी हीथवरची ती मुलगी लेडी कॉटन झाली होती. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकात कॉटन अध्यक्षांच्या यादीतलं एक नाव आहे, आणि इथे त्यांचा कोवळा चेहरा आहे, प्रेमात पडलेला, किंचित आउट ऑफ फोकस.

रोमियो ज्युलिएट अल्ब्युमेनवरच करणार, मोठ्यातला मोठा.

३० नोव्हेंबर

मुंबईशी दुसरा धागा इतका सुखाचा नाही. १८६८ मधे इंग्रजांनी इथिओपियावर मोहीम काढली, सेनापती रॉबर्ट नेपियर मुंबईच्या फौजेचा, सैन्य, खेचरं, तोफा ओढायचे हत्तीसुद्धा मुंबईहून जहाजाने गेले. एप्रिलमधे मगदलाचा किल्ला पडला, सम्राट टेवोड्रॉसने स्वतःला संपवलं, आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू याला विलायतेला नेलं. त्याच उन्हाळ्यात आइल ऑफ वाइटवर बाईंनी त्याचा फोटो काढला. मांडीवर बाहुली आहे. तोंडावर काहीच नाही, मुलांच्या तोंडावर जे असायला हवं ते काहीच. कॅप्टन स्पीडी नावाचा अधिकारी त्याचा पालक नेमला होता, त्याच्यासोबतचेही फोटो आहेत, त्यात पोशाख आणि ढाली तलवारी मांडून तमाशा केल्यासारखं वाटतं. मुलगा १८७९ मधे लीड्सला अठराव्या वर्षी गेला आणि विंडसरला पुरला. इथिओपिया त्याचे अवशेष परत मागतंय, २०२३ मधेही राजवाड्याने नकार दिला.

बाईंचा कॅमेरा फार प्रेमळ होता असं लिहिण्याचा मोह होतो, पण या फोटोत त्या साम्राज्यातल्याच एक बाई आहेत. हा लावायचा की नाही यावर क्लबमधे चर्चा झाली. मी लावणार, पण एकटा मुलगा, बाहुलीचा, आणि खाली पूर्ण हकीकत.

६ डिसेंबर

एका दादांनी विचारलं की आपल्याकडे तेव्हा कुणी हौशी नव्हते का. होते ना. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मधे निघाली, म्हणजे बाईंच्या हातात कॅमेरा यायच्या नऊ वर्षं आधी, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिथे काम करत होते, स्वतः फोटो काढायचे. १८५६ ते ५८ मधे मुंबईत जॉन्सन आणि हेंडरसन यांनी हौशी फोटोग्राफरांसाठी फोटोंचं मासिक चालवलं, खरे प्रिंट चिकटवलेलं. पण त्यांची भिंत केली तर तिच्यावर लोकांच्या जाती, पेशे, पोशाख यांचीच नोंद जास्त दिसेल, इथल्यासारखा नुसता चेहरा क्वचित. ती भिंत वेगळी करावी लागेल, नारायण दाजींची, आणि ती करायची माझी इच्छा आहे.

१३ डिसेंबर

ज्युलिया जॅक्सनचा प्रिंट झाला आणि तो सगळ्यांत चांगला उतरलाय. बाईंची भाची, १८४६ मधे कलकत्त्यातच जन्मलेली. एप्रिल १८६७, लग्नाच्या महिनाभर आधी. सरळ कॅमेऱ्याकडे बघतीये, अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा पूर्ण काळोखात, मानेची शीर दिसते. बाईंनी हिला कधी मॅडोना केलं नाही, पोशाख चढवला नाही फारसा, बहुतेक वेळा तिला तिच्याच नावाने काढलं. पुढे हीच लेखिका व्हर्जिनिया वुल्फची आई, आणि वुल्फने १९२६ मधे कलासमीक्षक रॉजर फ्राय यांच्यासोबत या फोटोंचं पुस्तक काढून विस्मरणात चाललेल्या मावशीआजीला परत लोकांसमोर आणलं.

काळोख्या बाजूत प्रिंटमधे एक मंद तपकिरी रंग येतो जो स्क्रीनवर येत नाही, अंड्याची चकाकी असते त्याच्याखाली तो असतो. इतक्या कामाचं सार्थक या एका कोपऱ्यात आहे.

२० डिसेंबर

शेवटचं पॅनल सिलोन. १८७३ मधे कॅमेरा भेट देणारी मुलगी बाळंतपणात गेली. त्यानंतर टेनिसनच्या कवितांची चित्रं म्हणून बाईंनी राजा आर्थरच्या कथांचे फोटो केले, डझनभर चांगले मिळायला दोनशेवर काचा खर्ची घातल्या, नवऱ्याला मर्लिन जादूगार म्हणून बसवलं (त्याला बसल्या बसल्या हसू यायचं). १८७५ च्या ऑक्टोबरात दोघं कायमचे सिलोनला गेले. कॉफीवर तांबेरा पडला होता, पैसे संपत आलेले, मुलं तिकडे.

तिथले फोटो तीसाच्या आतबाहेरच उरलेत. मळ्यातले मजूर, तमिळ मुली, घागर घेतलेली बाई, कालुतराला आलेली चित्रकार मेरियन नॉर्थ. शुद्ध पाणी आणि रसायनं मिळणं कठीण, आणि त्या उष्णतेत कोलोडियन पसरवायच्या आतच सुकायला लागतं, मला इथल्या ऑक्टोबरात साध्या कागदाचीच धावपळ होत होती त्यावरून कल्पना येते. २६ जानेवारी १८७९ ला डिकोयाच्या खोऱ्यात बाई गेल्या, बोगवंतलावाच्या चर्चच्या आवारात आहेत, नवरा पुढच्याच वर्षी. बारा वर्षांच्या आसपास जोरात काम, आणि आज माहीत असलेले फोटो बाराशेच्या वर.

या मजुरांची नावं कॅप्शनमधे द्यायची फार इच्छा होती, टेनिसन डार्विनची देतो तशी. बाईंनी ती लिहून ठेवली नाहीत. म्हणून जिथे जिथे नाव आहे तिथे ते ठळक घ्यायचं असं ठरवलंय, मेरी हिलियर, मेरी रायन, ॲनी फिलपॉट, अलेमायेहू, हर्शेलएवढ्याच अक्षरात. आणि सिलोनच्या फोटोंना मूळ नोंदीत जे आहे तेच.

२७ डिसेंबर

क्रम लावला. ॲनी एकटी डावीकडे. मग फोकसचं पॅनल आणि आत्या. मग हर्शेल, कार्लाईल, डार्विन एका ओळीत पण छोटे. मधोमध ज्युलिया जॅक्सन. तिच्या उजवीकडे दोन्ही मेरी आणि रोमियो ज्युलिएट, तो सगळ्यांत मोठा. अलेमायेहूला स्वतःची जागा, आजूबाजूला रिकामी भिंत. सिलोन शेवटी दाराजवळ. अल्ब्युमेनवर थेट उजेड नको म्हणून खिडकीला कापड लावायचंय, आणि लेबलं मोठ्या टाइपात, म्हाताऱ्या माणसांनाही वाचता येतील अशी. टेबलावर एक कोरा अल्ब्युमेन कागद ठेवणार, हात लावून बघायला. मुलांपैकी दोघी जणींनी पुढच्या रविवारी गच्चीवर यायचं कबूल केलंय, त्यांना फेस बसवण्यापासून दाखवायचं, अंडी त्याच आणणार आहेत.